दुसरा राखाडी

प्रिय ताई,

माझा नवरा ४६ वर्षांचा आहे, चांगल्या नोकरीत आहे आणि लेगोचे ठोकळे खेळतो. आम्ही म्युनिकजवळ राहतो. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्याच्यासारख्याच घोड्यांचा क्लब भरतो. तो आत, मी समोरच्या कॅफेत. व्हिडिओ कॉलवर मागे ठोकळे दिसले की सासूबाई विचारतात, "अजून घर बांधून झालं नाही का रे?" मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. सप्टेंबरात त्याने फ्लोमार्क्टमधून, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातून, बारा किलो जुने ठोकळे पोत्यात भरून आणले. तो कामानिमित्त चार दिवस बाहेरगावी गेला, तेव्हा मी ते सगळे कोमट पाण्यात धुतले, वाळवले आणि रंगांप्रमाणे एकोणीस डब्यांत लावले. राखाडीत फिका आणि गडद वेगळे केले, मग फिक्यातही दोन निघाले, एक मातकट, एक निळसर, म्हणून आणखी एक डबा. तो आला, "अरे वा" म्हणाला. दोन दिवसांनी बघते तर काळ्यांचा डबा जमिनीवर ओतून उकिडवा बसलाय. माझ्या चार दिवसांची ही किंमत! हा छंद कसा सोडवावा, तेवढं सांगा.

— ठोकळ्यांची सवत

सवतबाई,

छंद सोडवायचं राहू द्या. मी तुमच्या एका वाक्यापाशी अडकले आहे: "मग फिक्यातही दोन निघाले."

हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही ना? मग ऐका. २००४च्या सुमारास लेगोने गाजावाजा न करता आपला राखाडी बदलला. त्याआधीचा राखाडी किंचित पिवळट, मातकट होता, नंतरचा निळसर झाला. पोरांना त्याचा पत्ताही लागला नाही. मोठेपणी ठोकळे जमवणाऱ्यांनी मात्र जगभर आरडाओरडा केला, कारण वर्षानुवर्षं जमवलेल्या किल्ल्याच्या भिंतीत नवी वीट बसवली की ठिगळ दिसू लागलं. आजही या मंडळींपुढे जुन्या राखाडीचा विषय काढा, अर्धा तास सहज जातो. सुटे भाग विकणाऱ्या ब्रिकलिंक या संकेतस्थळावर हे दोन रंग दोन वेगळ्या नावांनी विकतात, 'लाइट ग्रे' आणि 'लाइट ब्लुइश ग्रे'. नवखे लोक हमखास चुकीचा मागवतात आणि कपाळाला हात लावतात.

आणि तुम्ही, ज्यांना या सगळ्याचा तिटकारा आहे, बारा किलोंच्या ढिगातून तो फरक नुसत्या नजरेने काढलात. किलोला साधारण सात-आठशे तुकडे धरा, म्हणजे आठ-नऊ हजार तुकडे तुमच्या हाताखालून गेले. छंद नकोसा झालेली बाई पोतं माळ्यावर टाकते, नाहीतर एका मोठ्या खोक्यात ओतून झाकण लावते. ती चार दिवस बसून फिक्या राखाडीतला फिका राखाडी निवडत नाही. तेव्हा सवत वगैरे राहू द्या. तुम्हाला त्या कॅफेत बसायचा कंटाळा आलाय, एवढंच मला दिसतंय.

त्याने "अरे वा" म्हणून गप्प बसायला नको होतं, हे खरं. पण पत्र तुम्ही लिहिलंय, म्हणून तुमच्याशीच बोलते. तुम्ही लावलेले डबे चुकीचे आहेत.

आपल्या स्वयंपाकघरात बघा. हळद, बेसन, चणाडाळ आणि शेव एकाच डब्यात भरून वर 'पिवळं' अशी चिठ्ठी लावाल का? रंगावर लावलेल्या ठोकळ्यांचं तसंच होतं. डोळ्याला रंग पटकन सापडतो, आकार सापडत नाही. सगळ्या रंगांच्या १×२ प्लेट्स, म्हणजे एक बाय दोन स्टडचे (वरच्या गोल बोंडांचे) चपटे तुकडे, एका डब्यात असतील तर त्यातली लाल प्लेट दोन सेकंदांत हाताला लागते. पण सगळे लाल तुकडे एकत्र असतील तर त्यातली १×२ प्लेट शोधताना कडा एकमेकींत विरून जातात आणि बारके तुकडे तळाशी जाऊन बसतात. काळा रंग यात सगळ्यात वाईट, कारण त्याला सावलीच दिसत नाही. म्हणून तो उकिडवा बसला होता. तुमचा अपमान करायला नव्हे, बिचाऱ्याला बहुतेक एक बिजागरी हवी होती.

आता काय करायचं ते सांगते. डबे पुन्हा लावा, पण या वेळी त्याच्या समोर बसून, आकाराप्रमाणे. पहिल्या फेरीत फार बारकावा नको: विटा, प्लेट्स, वर स्टड नसलेल्या गुळगुळीत टाइल्स, उतरते तुकडे, गोल तुकडे, भोकांचे तुकडे (लेगोच्या 'टेक्निक' प्रकारातले), चाकं, झाडंपानं, माणसं, आणि 'हे काय आहे कोण जाणे' असा एक डबा. तो शेवटचा डबा हवाच, नाहीतर प्रत्येक अनोळखी तुकड्यापाशी हात थांबतो. दुसरी फेरी फक्त भरून वाहणाऱ्या डब्याची. पहिल्याच दिवशी साठ कप्पे करायला गेलात तर तिसऱ्या तासाला दोघं भांडाल. बसल्या बसल्या प्रत्येक स्टडवरचं नाव बघत चला. फ्लोमार्क्टच्या पोत्यात नक्कल माल असतोच, आणि तो सैल बसतो किंवा इतका घट्ट की निघत नाही. अडकलेल्या दोन प्लेट्सना दात लावू नका. काढायचं नारिंगी हत्यार घरात असेलच, ते एक वरून आणि एक खालून लावलं की सुटतात. तांबूस तपकिरी रंगाच्या क्लिपांना जरा जपून, काही वर्षांतला तो माल ठिसूळ निघालेला आहे.

एक डबा मात्र मोडायचा नाही. तुमचा मातकट राखाडीचा.

तो तुमचा. त्याला सांगून टाका, "याला हात लावायचा नाही." आणि त्यातून तुम्ही स्वतः काहीतरी बांधा. काय, ते सांगायची खरं तर मला गरज नाही, पण तुम्ही "मला काय जमणार" म्हणणार हे ठाऊक आहे, म्हणून सांगते: दीपमाळ. जेजुरीच्या पायऱ्या चढताना ज्या दगडी दीपमाळा लागतात, त्या जुन्या दगडाला हा मातकट रंग निळसर राखाडीपेक्षा कितीतरी जवळचा आहे.

मापं लिहून घ्या. वीट ९.६ मिलिमीटर उंच, प्लेट ३.२, म्हणजे तीन प्लेट्सची एक वीट. एका मजल्याला दोन विटांची उंची आणि वर दिव्यांचा एक थर, मिळून २२.४ मिलिमीटर. मजले नऊ.

वरचे सहा मजले २×२ विटांचे. दोन विटा एकावर एक, मग त्यांच्या चार स्टडवर चार १×२ प्लेट्स, प्रत्येकीचा एक स्टड आत आणि एक बाहेर, चार दिशांना, भिंगरीसारख्या. वर पुढच्या मजल्याची वीट बसली की त्या पकडल्या जातात. बाहेर आलेल्या प्रत्येक स्टडवर पारदर्शक पिवळा किंवा नारिंगी गोल १×१, हा दिवा. पुढच्या मजल्याला भिंगरी उलट फिरवा, नाहीतर सगळी माळ स्क्रूसारखी पिळलेली दिसते.

खालचे तीन मजले ४×४ जाडीचे करा. एका थरात दोन २×४ विटा, त्यावरचा थर आडवा, म्हणजे सांधे एकावर एक येत नाहीत. दिव्यांच्या थरात दर बाजूला एक प्लेट बाहेर काढा आणि उरलेली सगळी जागा साध्या प्लेट्सनी भरून घ्या. बहुतेकांची फसगत पुढे होते: तिसऱ्या मजल्यावर थेट २×२ची वीट ठेवतात. ती फक्त मधले चार स्टड पकडते, कडेच्या प्लेट्सना वरून धरायला कोणी उरत नाही, आणि बोट लागलं की दिवे गळतात. आधी एक ४×४ प्लेट बसवा, मग वर चढा. शेंड्यालाही २×२ प्लेटचं झाकण हवं, त्याच कारणासाठी.

एकूण बारा २×४ विटा, बारा २×२ विटा, छत्तीस १×२ प्लेट्स, छत्तीस दिवे, वर ती दोन झाकणं आणि भरावाच्या प्लेट्स. उंची जवळजवळ २१ सेंटिमीटर. लेगोचा माणूस चार सेंटिमीटरचा, म्हणजे पाच पुरुष उंच दीपमाळ झाली, शोभेल. दाबताना माळ हातात धरू नका, टेबलावर उभी ठेवून वरून सरळ दाबा. भिंगरीच्या प्लेट्स एकेका स्टडवर तग धरतात, त्यामुळे जुन्यातल्या सैल पडलेल्या बाजूला काढा आणि घट्ट बसतात त्याच घ्या.

तुकडे कमी पडले तर मागवावे लागतील, आणि मी वर जे म्हटलं ते तिथे उपयोगी पडेल: 'लाइट ग्रे' मागवा. या दीपमाळेत मुद्दाम जुनेच साधे आकार धरले आहेत, कारण २००४नंतर निघालेले नवे आकार या रंगात मिळायचेच नाहीत. घरचे तुकडे दिवसाउजेडी पुन्हा एकदा तपासा. ब्लाउजपीस दुकानाच्या पायरीवर नेऊन बघतो ना, तसं. दिव्याखाली निळसर राखाडीही मातकट दिसतो. शिवाय उन्हाने पिवळा पडलेला नवा राखाडी जुन्याची हुबेहूब सोंगं घेतो. शंका आली तर वीट उलटी करून आतली बाजू बघा, तिथे ऊन पोचलेलं नसतं. आत निळसर दिसला तर तो तुमच्या डब्यातला नाही.

सासूबाईंचं काय करायचं? काही नाही. कंपनीच २०२०पासून मोठ्यांच्या खोक्यांवर १८+ छापते, आणि सासूबाईंचा विनोद तसा चांगला आहे. पुढच्या वेळी त्यांना दीपमाळ दाखवा.

क्लबबद्दल एवढंच सांगते की दुसऱ्या शनिवारी कॅफेचा रस्ता विसरायचा. दीपमाळ दोन भागांत न्या, ४×४च्या झाकणापाशी सोडवून, आडवी नव्हे, उभी, डब्यात कापड कोंबून. तिथे ३२×३२ची बेसप्लेट, म्हणजे खाली अंथरायची पातळ पाटी, मागून घ्या. ती २५.६ सेंटिमीटरची असते आणि बहुतेक क्लबांत सगळे मिळून जे शहर बांधतात, ते त्याच मापाच्या चौकोनांत जोडतात. तुमच्या माळेभोवती पुरेसं अंगण उरेल. हे चौकोन एकमेकांना जोडायच्या पिनांची भोकं कडेला नेमकी कितव्या स्टडवर, हे दर गटात वेगळं ठरलेलं असतं, म्हणून अंगण बांधायच्या आधी विचारा, नंतर उकलावं लागतं. दुसऱ्याच्या कामाला न विचारता हात लावायचा नाही, हा एकच नियम सगळीकडे सारखा. "कोणी बांधलं?" असं विचारण्यापेक्षा "हा कोपरा कसा वळवला?" असं विचारा, लोक खुर्ची ओढून बसवून सांगतात. जर्मन अडखळत बोलत असाल तरी चालेल, तुकडा हातात धरून बोललं की भागतं.

नवऱ्याला रंगाबद्दल आधी काही सांगू नका. तिथलं कोणीतरी माळ हातात घेऊन खिडकीपाशी जाईल, उलटी करून बघेल आणि विचारेल की हा सगळा जुना राखाडी निवडला कोणी. उत्तर तुम्ही द्यायचं, त्याने नाही.

आणि हो, त्या वेळी गडद राखाडी आणि तपकिरीसुद्धा बदलले होते. उद्या सकाळी ते दोन डबे खिडकीत न्या. तिथेही दोन-दोन निघतील.