‘माझा मोतीबिंदू परत आला काय रं?’

केबिनमधून : वाचकांचे प्रश्न, जुन्या ऑपरेटरची उत्तरं

प्रश्न : मामा, गेल्या रविवारी आईला घेऊन मराठी पिक्चरला गेलो होतो. आई 74 वर्षांची, दिवाळीआधी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. पिक्चरमध्ये रात्रीचा वाड्यातला सीन लागला आणि कोण बोलतंय तेच कळेना. आई कानाशी लागून म्हणाली, ‘‘माझा मोतीबिंदू परत आला काय रं?’’ मलाही तसंच दिसतंय हे तिला पटेपर्यंत इंटरव्हल झाला. त्यात माणसांची डोकी वरून कापलेली, पाटलाचा फेटा शेवटपर्यंत दिसला नाही. मॅनेजर म्हणाले, ‘‘पिक्चरच डार्क काढलाय.’’ मागं वळून बघितलं तर केबिनच्या काचेतून एकाखाली एक असे दोन झोत येत होते. आधीचा शो चष्म्याच्या इंग्रजी पिक्चरचा होता. चूक कुणाची? पैसे परत मिळतील का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आधी आईंना सांगा, डोळ्याला काही झालेलं नाही. मशीनवरची थ्रीडीची लेन्स काढायची राहिली असणार.

मागं वळून बघितलंत ते बेस केलंत. काही डिजिटल प्रोजेक्टरांना थ्रीडीसाठी वेगळी लेन्स लावतात, तिच्यातून दोन डोळ्यांसाठी दोन झोत निघतात. साधा पिक्चर लावताना ती उतरवायची असते. तशीच ठेवली तर निम्म्याहून जास्त उजेड तिथंच अडतो. साध्या पिक्चरला पडद्यावर 14 फूट-लॅम्बर्ट उजेड हवा, असं डिजिटलचं माप आहे. थ्रीडीला चष्म्यातून चार-पाचावर भागवतात. तुमच्या वाड्यात अंधार का पडला, ते आलं ध्यानात? लेन्स बदलायला वेळ लागतो आणि जाणता माणूस लागतो. तोच माणूस ठेवलेला नसतो.

फेट्याचा घोटाळा वेगळा. फ्लॅट म्हणजे कमी रुंद चौकटीचा पिक्चर, स्कोप म्हणजे जास्त रुंद. फ्लॅट पिक्चरला स्कोपचं सेटिंग राहिलं की चित्र पडद्याच्या वर-खाली सांडतं. वरच्या काळ्या कापडावर बघितलं असतंत तर फेटा तिथं सापडला असता! हे मात्र एका बटणाचं काम.

‘पिक्चरच डार्क’ हे कोल्हापुरात तरी सांगू नये. माझे सख्खे चुलते जयप्रभा स्टुडिओत रिफ्लेक्टर धरायचे. इथं गल्लीगल्लीत असा कुणीतरी निघतो. पुढच्या वेळी पिक्चरआधीच्या जाहिराती नीट बघा. साबणाच्या जाहिरातीतला पांढरा शर्ट राखाडी दिसला तर कॅमेरामनचा दोष नाही.

आमच्या काळी सगळं झकास होतं, असं मी म्हणणार नाही. 1979 ला मी केबिनमध्ये पोऱ्या म्हणून लागलो. तेव्हा मशीनमध्ये उजेडासाठी कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, मधे जाळ. कांड्या जळत जातील तशा चाक फिरवून जवळ आणायच्या. बिडी ओढायला बाहेर गेलो की पडदा पिवळा पडायचा आणि खालून ओरडा, ‘‘ए ऑपरेटर, झोपलास काय!’’ कार्बन वाचवायला करंट कमी ठेव म्हणणारे मालकही होतेच. आता मशीनमधला झेनॉनचा बल्ब त्याचे ठरलेले तास संपले तरी ओढतात, खोड तीच. फरक इतकाच, की आता ओरडलात तर ऐकायला केबिनमध्ये कुणी नसतं. शो कॉम्प्युटरवर आपोआप लागतो.

म्हणून उठायचं. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत डोअरकीपरला गाठायचं. नुसतं ‘अंधार आहे’ म्हणू नका, ‘थ्रीडीची लेन्स राहिलीय, फ्लॅटला स्कोप लागलंय’ असं म्हणा. शब्द ऐकूनच माणूस मॅनेजरला फोन लावतो. लेन्स लगेच निघत नसेल तर दुसऱ्या शोचं तिकीट किंवा पैसे तिथंच मागा. पूर्ण पिक्चर बघून मागितले तर देतीलच असं नाही. तरी तिकीट जपून ठेवा, मॅनेजरला लेखी तक्रार द्या. दाद नाही लागली तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. सेवेतली त्रुटी म्हणून तक्रार नोंदवता येते.

आणि आईंना त्याच पिक्चरला परत न्या, दुसऱ्या थेटरात. पाटलाचा फेटा कुठल्या रंगाचा निघाला, ते मला कळवा.