अवजारपेटी : चेनसॉची धार, कानशीने की ग्राइंडरवर?

प्रश्न : काका, नमस्कार. आमची जुनी द्राक्षबाग यंदा काढायला घेतली. खोडं आणि बांधावरच्या बाभळी तोडायला ५८ सीसीचा पेट्रोल चेनसॉ आणला, चेन जिच्यावर फिरते ती पट्टी १८ इंची. पहिल्या दिवशी मशीन मस्त चाललं, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आतच चेन बोथट. शहरातल्या एका दुकानातून ग्राइंडरवर धार लावून आणली, ती टाकीभर पेट्रोलसुद्धा पुरली नाही. असं तीनदा झालं आणि दात निम्मे उरले. मेहुणे म्हणतात, स्वतःचाच ग्राइंडर घ्या, कानस घासत बसणं हे रिकामटेकड्याचं काम. दातांचे फोटो पाठवतोय.
– एक वाचक, ता. दिंडोरी

उत्तर : भाऊ, फोटो मोठा करून पाहिला. दातांच्या कोपऱ्यावर निळी-जांभळी झाक आहे, ती दिसली का तुम्हाला? तिथे दाताचं पाणी उतरलंय. कोयत्याला लोहार पाणी पाजतो, तसं या दातालाही कारखान्यात दिलेलं असतं. दाताचा कोपरा म्हणजे नखाएवढं पातळ पोलाद. ग्राइंडरचा दगड त्यावर दोन-तीन सेकंद दाबून धरला की उष्णतेला जायला जागाच नसते. पोलाद निळं पडतं, मऊ होतं आणि बाभळीच्या पहिल्या गाठीला धार वळते. कधी उलटंही होतं. लाल होईपर्यंत तापलेला कण बाकीच्या थंड दातामुळे झटकन निवतो आणि काचेसारखा कडक होतो. मग कानस त्याच्यावरून नुसती घसरते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सातपूरला टूलरूममध्ये पंधरा वर्षं काढून स्वतःचं दुकान टाकलं, तेव्हा चेनची धार म्हणजे किस झाड की पत्ती असं वाटायचं. पहिलंच गिऱ्हाईक आलं, चेन ग्राइंडरला लावली, दहा मिनिटांत सगळे दात मोरपिसासारखे रंगीत करून दिले. मला तर ते देखणेच वाटले! दुसऱ्या दिवशी सकाळी तो गृहस्थ आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेली चेन काउंटरवर ठेवली आणि चहा प्यायला निघून गेला. बोलला काही नाही. नवी चेन मी पदरची दिली.

तेव्हा माझं मत सरळ आहे. रोजची धार कानशीने लावायची, ग्राइंडर फक्त मार खाल्लेल्या चेनसाठी. पण तुमची चेन अर्ध्या दिवसात बोथट का होते, ते आधी बघू, कारण तिथे ग्राइंडरचा काही दोष नाही. जुन्या बागेत खोडाच्या बुडाशी माती चिकटलेली असते, वर मांडवाची तार, आणि ती तार बऱ्याच ठिकाणी खोडाने गिळून टाकलेली असते. दाताच्या बाहेरच्या अंगाला क्रोमचा पातळ थर असतो, धार त्याच्याच कडेवर असते. लाकूड कापून हा थर दिवसभरात जेवढा झिजत नाही, तेवढा मातीत एकदा टेकला की जातो. म्हणून बुडाची माती खराट्याने झाडून घ्या, वीतभर वर कापा आणि तार आधी ओढून काढा. जिथे तार आत गेल्याचा संशय असेल तिथे कुऱ्हाड चालवा. कुऱ्हाडीला एकच धार असते, तुमच्या चेनला ३६.

आता कानस. मापाची घ्या, ‘गोल कानस द्या’ एवढं म्हणून आणू नका. चेनवरच्या लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजा आणि निम्मं करा, तो पिच. तुमच्या फोटोत पट्टीवर ०.३२५ इंच आणि ७२ लिंक असं कोरलेलं दिसतंय, म्हणजे तिन्हींमध्ये साडेसोळा मिलिमीटर भरायला हवं. त्याला ४.८ मिलिमीटरची कानस. लहान इलेक्ट्रिक मशीनवर बहुधा ३/८ इंचाची बुटकी चेन असते, तिला ४ मिलिमीटरची. जाड कानस दाताच्या पोटात नीट बसत नाही, बारीक कानस खाली उतरून चेनच्या जोडपट्ट्या खाते. आणि कानशीला मूठ लावा. बिनमुठीच्या कानशीचं शेपूट तळहातात घुसतं, माझ्या उजव्या हातावर खूण आहे.

इंजिन बंद, स्पार्क प्लगची टोपी काढलेली, हातमोजे घातलेले. शेतात मशीन घट्ट धरायला व्हाइस (शिकंजा) कुठून आणणार? एका बुंध्याला मशीननेच खाच पाडा आणि पट्टी तिच्यात उभी ठोकून बसवा. चेन नेहमीपेक्षा किंचित ताणून घ्या. पहिल्या दातावर खूण हवी, मी घरातलं नेलपॉलिश वापरतो (परवानगी घेऊन). मग एक दात उजेडाकडे धरून पाहा. बोथट कडेवर पांढरी चमकती रेघ दिसते. धारदार कडेवर उजेड थांबतच नाही, तिथे काहीच दिसत नाही. ती रेघ जाईपर्यंत घासायचं, बस्स.

कानस दाताच्या आतून बाहेर ढकलायची. तिचा पाचवा हिस्सा दाताच्या माथ्याच्या वर राहायला हवा. कोन साधारण ३० अंशांचा, बऱ्याच चेनवर दाताच्या पाठीवर तशी रेघच कोरलेली असते, तिला समांतर चला. पुढे ढकलताना जोर, मागे येताना कानस उचलून घ्यायची. मागेपुढे रंधा मारल्यासारखी घासली तर कानस दोन दिवसांत मरते. नीट लागली की ‘खर्र’ असा एकसारखा आवाज येतो आणि बोटांवर काळा भुगा पडतो. चेनवर एक दात डावा, एक उजवा असे आलटूनपालटून असतात. दर दाताला तीन हात, एका बाजूचे अठरा झाले की मशीनच्या पलीकडे जायचं आणि उरलेले अठरा. पेट्रोल भरायला थांबता तेव्हाच हे करा, सवय झाल्यावर दहा मिनिटं लागतात. मेहुण्यांना म्हणावं, दुकानात जाऊन यायला किती लागतात?

एक गोष्ट दुकानदार सहसा करत नाहीत. प्रत्येक दातापुढे एक बुटका खुंट असतो, दात लाकडात किती खोल शिरेल ते तो ठरवतो. दात घासत गेलात की त्याची उंची उतरते आणि खुंट तेवढाच राहतो. मग धार वस्तऱ्यासारखी असूनही चेन लाकडावरून नुसती सरकते. दर तीन-चार धारांनंतर गेज (खुंटाची उंची तपासायची पट्टी) ठेवून पाहा. तुमच्या चेनला खुंट दातापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली हवा, चपट्या कानशीचे एक-दोन हात पुरतात. भराभर कापेल म्हणून जास्त उतरवू नका, मशीन लाकडात अडकून उसळतं आणि पट्टीचं टोक तोंडाकडे येतं.

तार लागून कोपरे तुटलेली चेन मात्र ग्राइंडरवरच न्या, कानशीने हात मोडतील. तिथे उभं राहून सांगा, दगड टेकवून लगेच उचला, दाबून धरू नका. सर्वांत आखूड दाताच्या मापाने बाकीचे दात आणायचे असतात, त्यामुळे एका फेरीत चेनचं बरंच आयुष्य जातं, ते सहन करावं लागतं. घरी आणून प्रत्येक दाताला कानशीचे दोन हात मारा. हातातल्या चार इंची ग्राइंडरला पातळ चकती लावून धार करणारेही मी पाहिलेत. त्यांच्यापासून चेन लांब ठेवा. एका मशीनसाठी स्वतःचा ग्राइंडर घ्यायची गरज नाही, त्या पैशांत दोन चेन जास्तीच्या घ्या.

प्रश्न : मी नियमित कानस लावतो, तरी मशीन डावीकडे ओढतं आणि काप चंद्रकोरीसारखा वाकडा येतो.
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : आपल्या सगळ्यांचा एक हात सोयीचा असतो. त्या बाजूला जोर जास्त बसतो, ते दात आखूड होतात आणि मशीन लांब दातांच्या बाजूला पळतं. व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या साधनाने) दातांच्या माथ्यांची लांबी मोजा, सर्वांत आखूड दाताच्या मापाने सगळे करा आणि पुढच्या वेळी नावडत्या बाजूपासून सुरुवात करा. एवढ्यानेही सुधारलं नाही तर पट्टीच्या दोन कडांपैकी एक झिजली आहे का बघा. पट्टी अधूनमधून उलटी करून बसवायची असते, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

डाव्या-उजव्या दातांची ही जोडी आली कुठून, तर किड्याकडून. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने बुंध्यात एक अळी पाहिली. ती जबड्यांनी आलटूनपालटून डावीकडे-उजवीकडे कुरतडत सरळ भोक पाडत होती. त्यावरून त्याने पुढच्या वर्षी आजच्यासारख्या वळलेल्या दातांची चेन बाजारात आणली. ती अळी लांब मिशांच्या भुंग्याची होती. आपल्या द्राक्षाच्या खोडात घुसणारा खोडकिडा त्याच कुळातला. बागाईतदारांना त्याचं कौतुक सांगणं अवघड आहे, पण त्याचे दोन्ही जबडे सारखे असतात हे खरं.

प्रश्न : कानस बदलायची कधी? तेल लावावं का?
– एक वाचक, पेठ

उत्तर : तेल अजिबात नको, कानस घसरते. खडू घासा, भुगा दातांत अडकत नाही. तारेच्या ब्रशने झाडत जा. आवाज बंद होऊन कानस गुळगुळीत फिरू लागली की बदला. जुनी फेकू नका, एक टोक घासून अणकुचीदार केलं की ठिबकच्या नळीला भोकं पाडायला छान टोच्या होतो.