भाकरी सोडली, डोकं का दुखतं?

प्रश्न : वजनासाठी भाकरी-भात बंद करून तूप, अंडी, पनीर सुरू केलं. चौथ्या दिवसापासून डोकं दुखतं, पाय गळतात. काय चुकतंय? – एक वाचक, लातूर

उत्तर : बहुधा मीठ कमी पडतंय. भाकरी-भातातली कर्बोदकं घटली की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं सोडियम, पाणी जास्त बाहेर टाकतात. आपल्याकडच्या उन्हात घामाची भर वेगळीच! रक्तदाब किंवा किडनीचा त्रास नसेल तर पाव चमचा मीठ घातलेलं पातळ ताक दिवसातून दोनदा घ्या. मधुमेहाची गोळी, इन्सुलिन चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना गाठा. साखर एकदम उतरू शकते.

‘एकच भाकरी’ही महागात पडते : 50 ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे 35 ग्रॅम कर्बोदकं, तर अशा अगदी कमी कर्बोदकांच्या (कीटो) आहारात दिवसाची मर्यादा साधारण 20 ते 50 ग्रॅम. आणि तूप मोजूनच. एका मोठ्या चमच्यात सुमारे 120 कॅलरी असतात.