अल्बियन ऑनलाइन आपल्याला जमेल का?

हा अनेकांनी मिळून खेळायचा ऑनलाइन खेळ फुकट आहे, मोबाइलवरही चालतो, म्हणून लगेच प्रीमियमला (पैसे भरून घ्यायच्या सदस्यत्वाला) पैसे टाकू नका. आधी एवढंच तपासा: मेल्यावर अंगावरचं सगळं गेलं तर चालेल का? खेळाच्या नकाशावरच्या लाल आणि काळ्या प्रदेशात तुम्हाला मारणारा खेळाडू तुमचं सामान उचलतो, काही वस्तू नष्टच होतात. म्हणूनच तर खेळाडूंनी बनवलेल्या तलवारींना बाजारात कायम गिऱ्हाईक असतं!

पिवळ्या प्रदेशात हरलात तर नुसते आडवे पडता, सामान जात नाही. तेवढ्यावरून खेळ जोखू नका. शस्त्र-चिलखताचे स्वस्तातले चार-पाच सारखेच संच खेळातल्या बँकेत ठेवा, एक घालून लाल प्रदेशात जा आणि खुशाल मरा. दुसरा घालून परत जावंसं वाटलं, तर हा खेळ तुमचा. वैताग आला तर सोडून द्या, त्यात कमीपणा काही नाही.

नवखे हमखास इथे फसतात:

- होती नव्हती ती चांदी (खेळातलं चलन) एकाच महागड्या संचात घालणं.
- सारखं शस्त्र बदलणं. इथे कौशल्यं शस्त्राबरोबर येतात, प्रावीण्यही मुख्यतः त्याच शस्त्राचं वाढतं.
- भारतातून अमेरिकेचा सर्व्हर घेणं. आशियाचा घ्या, पात्र नंतर दुसरीकडे हलवता येत नाही.

गिल्डच्या (खेळाडूंच्या संघांच्या) लढाया, बाजारातली उलाढाल वगैरे सध्या राहू द्या.