पीसीआरवर जी१० आलं, मग न्यूट्रलायझेशन कशाला?

वासरांच्या हगवणीच्या नमुन्यांतल्या रोटाव्हायरसचा प्रकार पीसीआरवर (जनुकावरून ओळखणारी चाचणी) जी१०पी[११] आला, तरी संशोधनाचे गाइड न्यूट्रलायझेशन टेस्ट (अँटिबॉडी विषाणूला अडवते का ते बघणारी चाचणी) करायला लावतात, दोन-तीन महिने त्यात का घालवायचे, असं विचारलंय. घालवा. गाइडचं बरोबर आहे.

जी हा विषाणूच्या बाहेरच्या व्हीपी७ प्रथिनाचा प्रकार, पी हा व्हीपी४ प्रथिनाचा. गाईचा बी२२३ हा स्ट्रेन (विषाणूचा वाण) जुन्या पेपरांत जी१०पी८[११] असा लिहिलेला दिसेल. त्यातला ८ हा सीरोटाइप, म्हणजे अँटिबॉडीने केलेली ओळख. चौकटी कंसातला ११ जनुकाच्या क्रमावरून आलाय. जीमध्ये दोन्ही आकडे जुळतात, पीमध्ये नाही. व्हीपी४विरुद्धचे सीरम (अँटिबॉडी असलेला रक्तद्रव) बनवणं किचकट, म्हणून लोक पुढे नुसत्या कंसावर भागवू लागले.

व्हीपी७चं जनुक ८०% जुळलं की जी टाइप एकच धरतात. म्हणजे बराच फरक असूनही नाव तेच राहतं. अँटिबॉडी चिकटते त्या जागी एखादं अमिनो आम्ल बदललं तरी तिची पकड सुटू शकते, आणि पीसीआरच्या पट्टीत ते दिसत नाही. गाभण गाईला लस देऊन चिकातून वासराला जे संरक्षण मिळतं, ते या पकडीवरच उभं आहे.

शिवाय या विषाणूचे जनुकाचे तुकडे ११. एकाच आतड्यात दोन स्ट्रेन भेटले की अदलाबदल होते. रोटाव्हॅक लशीचा ११६ई हा दिल्लीच्या नवजात बाळांतला स्ट्रेन, पण त्याचं व्हीपी४ गाईकडचं. बंगळूरच्या बाळांत सापडलेल्या आय३२१चे तर ११पैकी ९ तुकडे गाईच्या विषाणूचे. म्हणून फक्त व्हीपी७ बघून थांबू नका.

आता कामाचं. आधी जनुकाचे तुकडे आकाराप्रमाणे वेगळे करणारी पेज जेल चालवून सिल्व्हर स्टेनिंग करा. तपकिरी पट्ट्या वरून ४-२-३-२ अशा गटांत दिसायला हव्यात. ११पेक्षा जास्त दिसल्या तर संसर्ग मिश्र आहे असं समजा. एकदा मी दोन जादा पट्ट्यांकडे काणाडोळा करून तसंच सीरम बनवलं. ते जी६ आणि जी१० दोघांनाही अडवू लागलं आणि सगळं काम पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून तीनदा प्लाक प्युरिफिकेशन (एकाच विषाणूपासून वाढलेला ठिपका उचलून शुद्ध करणं) केल्याशिवाय मी पुढे जात नाही.

माकडाच्या मूत्रपिंडाच्या एमए१०४ पेशींवर विषाणू वाढवताना ट्रिप्सिन हे विकर लागतंच, आणि त्या माध्यमात पेशींना एरवी घालतात ते सीरम नको, ते ट्रिप्सिनला अडवतं. टायटर (सीरम किती पातळ केलं तरी विषाणूला अडवतं तो आकडा) दोन्ही बाजूंनी काढा: तुमचं सीरम प्रमाण (रेफरन्स) स्ट्रेनवर, प्रमाण सीरम तुमच्या स्ट्रेनवर. दोन्हीकडे सीरमच्या स्वतःच्या स्ट्रेनवरच्या टायटरशी २० पट किंवा जास्त फरक आला तरच वेगळा सीरोटाइप म्हणा.