कोणती मादी ठेवायची, कोणती विकायची?

प्रश्न: नागपूरजवळ हिंगण्याकडे आमचं छोटं वराहपालन आहे, लार्ज व्हाईट यॉर्कशायर जातीच्या 10 माद्या. एकीचं सातवं वेत झालं, यावेळी 6 पिल्लं, मागच्या वेताला पण 7च होती. दुसरी पहिलारू आहे तिलाही 6च झाली. तिसरी मे महिन्यात दोनदा उलटली, म्हणजे नराकडून भरवूनही गाभण न राहता परत माजावर आली. व्यापारी म्हणतो तिन्ही देऊन टाका. काय करावं?

उत्तर: भाऊ, तिन्ही एकदम देऊ नका. व्यापारी वजन बघतो, तुम्हाला पुढचं वेत बघायचंय.

सातव्या वेतवाली काढा, तिच्याबद्दल फार विचार नको. मादी साधारण तिसऱ्या ते पाचव्या वेतात सगळ्यात चांगली देते, नंतर पिल्लं घटतात आणि मेलेली निघायचं प्रमाण वाढतं, तुमच्याकडे तर लागोपाठ दोन वेतं कमी आलीयत. पिल्लांचं दूध तोडलं की विका.

पहिलारूला हात लावू नका. पहिल्या वेताला पिल्लं कमीच येतात. फक्त पाठीवरून हात फिरवून बघा, कणा हाताला टोचत असेल तर पाजण्यात ती पार खंगलीय, खुराक वाढवा, नाहीतर पुढचं वेतही कमी येईल आणि आपण उगाच जातीला दोष देत बसू.

आता मेवाली. नागपूरचा मे म्हणजे पारा 45 च्या आसपास, आणि डुकराला घाम जवळपास येतच नाही, अशात माज नीट दिसत नाही, गर्भ टिकत नाही आणि नराचं वीर्यही बिघडतं, ते ऊन सरल्यावरही महिना-दीड महिना सुधरत नाही. म्हणजे दोष मादीचा की नराचा हेच अजून ठरलेलं नाही! त्याच नराने भरवलेल्या बाकीच्या माद्या पण उलटल्या का ते वहीत बघा. वही नसेल तर आजच घाला, खरंच सांगतो, वहीशिवाय मादी काढणं म्हणजे अंदाजपंचे. पाऊस पडून गारवा आला की सकाळी लवकर नर समोर आणा, मादीच्या पाठीवर दोन्ही हातांनी दाब द्या, कान ताठ करून जागची हलली नाही तर भरवा आणि बारा तासांनी परत एकदा. त्यानंतरही 21 दिवसांनी माजावर आली तर मात्र काढा. घाण स्राव दिसला तर आधी डॉक्टरांना दाखवा.

एवढी घाई कशाला, तर एक माज हुकला की 21 दिवस गेले, रोज अडीच किलो धरलं तरी 50 किलोच्या वर खाद्य वाया. 114 दिवस गाभण, 42 दिवस पाजणं आणि आठवडाभरात परत माज, असं चाललं तर वर्षाला सव्वादोन वेतं बसतात. मी तर वेतांच्या आधी हे रिकामे दिवस मोजतो.

विकायच्या मादीला इंजेक्शनं दिली असतील तर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस थांबा. आणि व्यापाऱ्याची गाडी गेटच्या आत घेऊ नका, मादी बाहेर नेऊन चढवा, ती गाडी कुठल्या कुठल्या फार्मवरून फिरून आलेली असते आणि आफ्रिकन स्वाईन फीव्हर या डुकरांच्या जीवघेण्या साथीच्या रोगावर इलाज नाही.