शस्त्रक्रिया डाव्या बाजूला, सूज उजव्या हाताला

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहते. वय ५४. दोन वर्षांपूर्वी मुंबईत माझ्या डाव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि डाव्या काखेतील गाठीही काढल्या. नंतर केमो व रेडिएशन झाले. केमोसाठी छातीवर उजव्या बाजूला कातडीखाली बसवलेले पोर्ट (शिरेत औषध सोडायची नळी जोडलेली छोटी डबी) अजून तसेच आहे. डावा हात सुजू शकतो, असे तेव्हा सांगितले होते, म्हणून तो मी जपते. पण गेले काही आठवडे उजवाच हात सुजला आहे. बांगड्या मनगटावर रुतून बसतात, संध्याकाळी हात जड होतो. घरचे म्हणतात, सगळे काम उजव्या हाताने केल्यामुळे असे झाले. गावात तेल लावून हात चोळून घेतला, लघवीच्या गोळ्याही घेतल्या. तीच सूज आता या हाताला आली का? मुंबईची तपासणी दोन महिन्यांनी आहे, तोवर थांबू का? भाताच्या लावणीला जाऊ का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, दोन महिने थांबू नका. जमल्यास उद्याच बेळगावला जाऊन डॉक्टरांना हात दाखवा, उजव्या हाताच्या व गळ्याजवळच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी (शिरांतले रक्त नीट वाहते का, हे दाखवणारी तपासणी) करून घ्या आणि तिचा निकाल कळेपर्यंत हात चोळणे पूर्णपणे बंद ठेवा.

काखेत साधारणपणे २० ते ३० लसीका ग्रंथी (तुम्ही लिहिलेल्या काखेतील गाठी) असतात. हात, स्तन आणि त्या बाजूची छाती यांतला लसीका नावाचा द्रव त्यांच्यातून पुढे जाऊन शेवटी रक्तात मिसळतो. या ग्रंथी काढल्या किंवा तेथे रेडिएशन दिले की ही वाट अडते आणि द्रव हातात साठू लागतो. यालाच लिम्फेडेमा म्हणतात. काखेतील बऱ्याच ग्रंथी काढलेल्या पाच स्त्रियांपैकी सुमारे एकीला हा त्रास होतो, आणि तो सहसा शस्त्रक्रियेच्या बाजूलाच होतो. तुमच्या उजव्या काखेवर काहीच उपचार झालेले नाहीत. म्हणून या सुजेला लिम्फेडेमा म्हणून मोकळे होणे मला धोक्याचे वाटते.

पत्रात तुम्ही पोर्टचा उल्लेख ओघात केला आहे, पण माझे लक्ष सर्वांत आधी तिथेच गेले. पोर्टची नळी मोठ्या शिरेत असते, तिच्याभोवती रक्ताची गुठळी धरू शकते, आणि कर्करोगाच्या रुग्णांत गुठळीची प्रवृत्ती मुळातच अधिक असते. अशी गुठळी फारशी न दुखताही हात सुजवते. खांद्यावर व छातीवर निळसर शिरा उठून दिसू लागल्या असतील तर ही शंका अधिक बळावते. गुठळी निघालीच तर रक्त पातळ ठेवणारी औषधे द्यावी लागतात. पोर्ट काढायचे की ठेवायचे, हे डॉक्टर ठरवतील. दम लागला, छातीत दुखले किंवा चेहरा व मान सुजली, तर मात्र त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात जा. ताप येऊन हात लाल व गरम झाला तर तो जंतुसंसर्ग समजावा. त्यासाठीही त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे.

दुसरी शक्यता कर्करोगाचीच आहे; ती लिहिताना मला जड वाटते, पण ती लपवणे योग्य नाही. डावीकडची वाट बंद झाल्यावर छातीतला द्रव कधीकधी मध्यरेषा ओलांडून उजव्या काखेकडे वळतो, आणि आजार परतला तर तोही त्याच वाटेने जाऊन उजव्या काखेतील वाट अडवू शकतो. उजव्या स्तनात नवी गाठ होणेही शक्य असते. म्हणून डॉक्टरांना उजवी काख, गळ्याच्या हाडावरची जागा आणि उजवा स्तन हाताने तपासायला सांगा. संकोच करू नका. मुंबईची फाइल बरोबर न्या आणि निकाल तिथल्या डॉक्टरांनाही फोनवर कळवा.

लघवीच्या गोळ्या कोणी व कशासाठी दिल्या, ते या डॉक्टरांना दाखवा. लिम्फेडेमात साठलेल्या द्रवात प्रथिने भरपूर असतात, त्यामुळे त्या गोळ्यांनी तो ओसरत नाही. घरच्यांचे म्हणणेही मनाला लावून घेऊ नका. निरोगी हात कामामुळे असा सुजून राहत नाही.

सर्व तपासण्या निर्दोष निघाल्या आणि लिम्फेडेमाच ठरला, तर प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून हलक्या हाताचे विशिष्ट मालिश, पट्ट्या, मापाची घट्ट बाही आणि व्यायाम असे उपचार होतात. बाजारातून अंदाजाने बाही आणू नका. सहसा सुजलेला हात चांगल्या हाताशी ताडून पाहतात, पण तुमच्या बाबतीत दोन्ही हातांचा प्रश्न असल्याने प्रत्येक हाताचे मनगट, कोपराखालचा व दंडाचा घेर टेपने मोजून दर आठवड्याला वहीत लिहा. बांगड्या मात्र आजच उतरवा. हात आणखी सुजला तर त्या कापून काढाव्या लागतील.

निकाल येईपर्यंत लावणीला जाऊ नका. गुठळी नाही असे ठरल्यावर कायम घरी बसण्याचे कारण नाही. हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने लिम्फेडेमा बिघडत नाही, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले आहे. फक्त चिखलात उतरताना रबरी हातमोजे घाला, हाताला कुठे ओरखडा गेला तर लगेच साबणाने धुऊन जंतुनाशक मलम लावा, आणि रक्तदाब मोजायची वेळ आली तर तो पायावर मोजायला सांगा.